विषय क्रमांक चार: न्हाणीघराचा रंग

सेक्रेटरी अण्णांच्या घरी चहा प्यायचा तर तो आधी कोणीतरी सुचवावा लागे. नुसतं सुचवून भागत नसे, त्याला अनुमोदनही लागे. मी भाड्याची खोली बघायला पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते ओट्यावर शेजारच्या येसाजी तात्यांबरोबर बसले होते. मी हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायला आलोय एवढं कळल्यावर म्हणाले, "बसा कलाशिक्षक. चहा घ्यावा अशी माझी सूचना हाय. अनुमोदन कोन देतंय?" तात्यांनी बोट वर केलं. अण्णांनी आतल्या दाराकडे तोंड करून जाहीर केलं, "ठराव सर्वानुमते मंजूर. तीन कप." आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज झाला. चहा करणारीला या सभेत मत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. चहा मात्र चांगला होता, आणि खोलीही मला मिळाली.

ही गोष्ट एकोणीसशे सत्तरची. गाव काष्टीच्या बाजाराला पायी जाऊन येता येईल एवढ्या अंतरावरचं. अण्णा तिथल्या सोसायटीचे सेक्रेटरी. पांढरी टोपी, नेहरू शर्ट, खिशाला दोन पेनं. एक लिहायचं आणि एक सहीचं. तरुणपणी ते कुठेतरी तीन महिन्यांचं सहकाराचं शिक्षण घेऊन आले होते आणि तेव्हापासून त्यांनी स्वतःच्या डोक्याने काही ठरवायचं सोडून दिलं होतं. "एकट्यानं ठरवलं की ती हुकूमशाही," ते म्हणत. "चार लोकांत ठरलं की चूक झाली तरी चौघांची. वाटून घेतली की चूक हलकी व्हते." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान असे की त्यांच्याशी वाद घालणं मला जड जाई.

सोसायटीत हे चालून जायचं. अण्णांनी ते घरात आणलं होतं. गाय विकायची की ठेवायची यावर सभा झाली होती. एकुलत्या एका मुलीचं, कुसुमचं लग्न ठरवायला तीन बैठका झाल्या होत्या. मुलीला कोणी काही विचारलं नव्हतं, पण इतिवृत्ताच्या वहीत तिच्या संमतीची नोंद होती. मला ती वही अण्णांनी कौतुकाने दाखवली. अक्षर मोत्यासारखं होतं.

पुढल्या पावसाळ्यानंतर अण्णांनी घरात न्हाणीघर काढायचं ठरवलं, म्हणजे ठरवून घेतलं. घर धाब्याचं. मधोमध धान्य साठवायची अंधारी खोली होती, चार हात लांब आणि तीन हात रुंद. धान्य आता गोदामात जायला लागलं होतं म्हणून ती रिकामी होती. एका अंगाला चुलतभावाची भिंत, दुसऱ्या अंगाला गोठा, तिसरीकडे देवघर. खिडकी काढायला कुठेच जागा नव्हती. गवंड्याने खाली शहाबादी फरशी बसवली, पाणी जायला मोरी काढली, भिंतींना सिमेंट केलं, दार लावलं. आठ दिवसांत न्हाणीघर तयार झालं आणि त्याला अण्णांनी बाहेरून कुलूप घातलं.

कुलूप का, तर रंग ठरायचा होता. "सिमेंटवर पानी उडालं की वरचा रंग धरत न्हाई," अण्णांनी सांगितलं. "आधी रंग, मग आंघोळ. क्रम चुकला की सगळं चुकलं."

इथे काकूंविषयी सांगायला हवं. अण्णांच्या बायकोला सगळी आळी काकू म्हणे. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या परसात गोणपाटाच्या आडोशाला आंघोळ करत होत्या, तीही गडीमाणसं उठायच्या आत. न्हाणीघर व्हावं म्हणून त्यांनी स्वतःसाठी कधी शब्द टाकला नव्हता. या वर्षी टाकला, कारण कुसुम पहिल्या बाळंतपणाला यायची होती आणि तिचे दिवस पौषात भरत होते. पौषात आमच्याकडे माळावरून जो वारा येतो त्याच्यापुढे गोणपाट काय टिकणार. बाळंतिणीला तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालायचं तर चार भिंती आणि एक दार पाहिजे, एवढं काकूंचं मागणं होतं. खिडकी नाही याचा त्यांना आनंदच झाला होता. "वारं शिरायला फट न्हाई बघा मास्तर," त्या मला म्हणाल्या होत्या. "बाळंतिणीला याच्यावानी जागा न्हाई."

दसऱ्यानंतर पहिली सभा झाली. समितीत चौघे. अण्णा अध्यक्ष आणि चिटणीस, दोन्ही तेच. येसाजी तात्या, हे पलटणीतून निवृत्त झालेले. दावीद गुरुजी, प्राथमिक शाळेचे शिक्षक आणि मिशनच्या चर्चमध्ये रविवारी पेटी वाजवणारे. आणि तज्ज्ञ म्हणून मी. विषयपत्रिकेवर चार विषय होते. पहिले तीन मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं वगैरे होते, चौथा रंगाचा. काकूंचं नाव मी सुचवावं असं मला वाटलं नाही. मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला कोणीतरी पहिल्यांदाच तज्ज्ञ म्हटलं होतं.

अण्णांनी नगरहून शेडकार्ड मागवलं होतं. घडी उलगडली की त्यात रंगांचे ऐंशीएक चौकोन होते. आम्ही ते ओट्यावर स्वच्छ उन्हात पसरलं आणि चौघे त्याच्यावर वाकलो. तात्यांना पलटणीच्या गाडीचा हिरवा हवा होता, कारण तो मळत नाही. दावीद गुरुजींना पांढरा. अण्णांना गुलाबी, कारण तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांच्या खोलीला त्यांनी तो पाहिला होता. मी पिवळ्याच्या बाजूने पाऊण तास बोललो. अंधाऱ्या खोलीत पिवळा उजेड वाढवतो, असं माझं म्हणणं. काही बोललेलं परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं, काही तिथेच सुचलेलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि प्रत्येकाने आपल्याच रंगाला मत दिलं.

"मतभेद हे जिवंतपनाचं लक्षन हाय," अण्णा खूश होऊन म्हणाले आणि पंधरा दिवसांनी पुन्हा सभा ठेवली.

दुसऱ्या सभेत असं ठरलं की चारही रंगांचे पट्टे भिंतीवर मारून बघावेत. ते मी मारले. रंग मारताना दिसावं म्हणून एक कंदील आत ठेवला होता, काम झाल्यावर तो बाहेर आणला. पट्टे बघायचे तर उजेड पाहिजे, म्हणून विजेच्या दिव्याचा विषय निघाला. गावात वीज येऊन वर्ष झालं होतं. पण दिवा किती मोठा लागेल हे रंगावर अवलंबून, आणि रंग कसा दिसेल हे दिव्यावर. या पेचावर अण्णा इतके खूश झाले की त्यांनी दिव्यासाठी वेगळी उपसमिती नेमली. उपसमितीतही आम्हीच चौघे होतो. तिसरी सभा दावीद गुरुजी नाताळच्या तयारीत असल्यामुळे तहकूब झाली.

काकू प्रत्येक सभेला चहा आणत. कप ठेवताना एकदाच विचारत, "झालं का ठरून?" अण्णा म्हणत, "चर्चा चांगल्या वातावरनात चालू हाय." काकू रिकामे कप घेऊन आत जात. नाताळच्या आधी एकदा त्या माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमी शिकलेले. तुमी म्हनलात, कुलूप काढा, तर ऐकतील ते." मी म्हटलं, पुढच्या सभेत बोलतो. ते मी मनापासून म्हटलं होतं. पुढच्या सभेत पुन्हा पिवळ्याचा विषय निघाला आणि मी पिवळ्यावरच बोललो. याची मला आजही लाज वाटते.

कुसुम मार्गशीर्ष सरता सरता आली. तिचा नवरा दौंडला रेल्वेत होता. पौषात तिला मुलगी झाली, सुखरूप. परसात गोणपाटाच्या दोन बाजूंना आणखी दोन गोणपाटं बांधली गेली. सुईण येई, काकू पाणी ओतत, आणि वारा गोणपाट फडकवत राही. चौथ्या दिवशी संध्याकाळी कुसुमला थंडी भरली. सकाळपर्यंत तिचं अंग तव्यासारखं तापलं आणि ती काहीबाही बडबडायला लागली. काष्टीचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. जाताना ओट्यावर अण्णांना म्हणाले, "ओल्या बाळंतिणीला उघड्यावर न्हाऊ घालता? घरात एखादी बंद खोली नाही?"

अण्णांचा चेहरा पडला. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते आत गेले, वही घेऊन बाहेर आले आणि मला म्हणाले, "तातडीची सभा लावा. तात्यांना आना, गुरुजींना आना."

हे ऐकून कोणी म्हणेल की माणूस निर्दयी होता. तो निर्दयी नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. किल्ली त्याच्याच कडदोऱ्याला होती, दार सात पावलांवर होतं, आणि तरी त्याला तिघे जण जमल्याशिवाय ते उघडता येत नव्हतं. वर्षानुवर्षं आपला हात दुसऱ्याच्या होकाराशिवाय न हलवणाऱ्याचं शेवटी असं होतं. मी तात्यांना बोलावून आणलं. गुरुजी शाळेत होते, त्यांना निरोप धाडला. आम्ही तिघे ओट्यावर बसलो. अण्णांनी वहीत वेळ लिहिली आणि विषय वाचायला सुरुवात केली, "कुलूप तात्पुरतं काढन्याबाबत विचार करने."

ते वाक्य संपायच्या आत घरातून आवाज आला. लोखंडावर दगडाचा. एक, मग दुसरा, मग तिसऱ्याबरोबर काहीतरी तुटून फरशीवर पडलं. आम्ही आत धावलो. काकूंच्या हातात पाट्यावरचा वरवंटा होता आणि कुलूप कोयंड्यासकट खाली पडलं होतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. वरवंटा भिंतीशी ठेवला, चुलीवरून कढत पाण्याचं पातेलं आणि कपडे आणले, कुसुमला धरून आणलं, दोघी आत गेल्या आणि दार लागलं.

तीन दिवसांनी ताप उतरला. त्या तीन दिवसांत अण्णा जेवले नाहीत, हेही सांगून टाकतो.

पण स्वभाव. मुलीच्या बारशानंतर अण्णांनी पुन्हा सभा बोलावली. विषय होता, कुलूप तोडल्याच्या कृतीस कार्योत्तर मंजुरी देणे. म्हणजे जे होऊन गेलं त्याला मागाहून होकार. "नाहीतर ते बेकायदा राहातंय," अण्णा म्हणाले. तात्यांनी सूचना मांडली, गुरुजींनी अनुमोदन दिलं. तेवढ्यात काकू ओट्यावर आल्या. हातात कप नव्हते. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. आम्हा पुरुषांच्या बैठकीत त्या कधी अशा उभ्या राहिल्या नव्हत्या.

"मला एक इचारायचं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी चौघं गेलं तीन महिनं रंग ठरवताय. तुमच्यापैकी त्यात दार लावून कोन बसलंय?"

अण्णांनी वहीचं पान उलटलं.

"मग आता एकेकानं जा. दार मी लावते. रंग दिसला की हाक मारा, मी उघडते."

तात्या आधी गेले, कारण पलटणीतला माणूस हुकूम मोडत नाही. थोड्या वेळाने त्यांनी आतून दार वाजवलं. बाहेर येऊन म्हणाले, "काईच दिसंना." दावीद गुरुजी बराच वेळ आत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "प्रार्थनेला जागा उत्तम आहे," आणि चपला घालून घरी गेले. मग मी गेलो. दार लागलं तसा माझा स्वतःचा हात मला दिसेना. माझा पिवळा कुठल्या भिंतीवर होता तेही कळेना. आत ओव्याच्या धुरीचा, खोबरेल तेलाचा आणि तान्ह्या बाळाचा वास होता. जमीन कोमट होती. बाहेर पौषातला वारा होता आणि इथे त्याचा मागमूस नव्हता. काकूंना काय पाहिजे होतं ते मला त्या अंधारात पहिल्यांदा कळलं, आणि आपण तीन महिने काय केलं तेही.

शेवटी अण्णा गेले. आम्हाला वाटलं, आता यांना काहीतरी उमगेल. दार उघडलं. अण्णा बाहेर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दिव्याचा विषय तातडीनं घ्याया पायजे." काकू हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही. त्या आत गेल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी अण्णांना कशाचीही परवानगी विचारणं बंद केलं. भांडण नाही, अबोला नाही. जेवायला वाढत, औषध देत, बोलतही. फक्त विचारत नसत.

सव्वा महिन्यानंतर कुसुम दौंडला निघाली. तिने अण्णांना वाकून नमस्कार केला. अण्णा म्हणाले, "पुढल्या खेपेला रंग देऊन ठेवतो बघ तुझ्यासाठी." कुसुम म्हणाली, "द्या की अण्णा. तात्यांना इचारून द्या." अण्णांना यातला टोमणा कळला की नाही, मला सांगता येणार नाही. टांगा वळेपर्यंत ते रस्त्यात उभे होते.

मग दुष्काळाची वर्षं आली. न्हाणीघर होतं, अंगावर घ्यायला पाणी नव्हतं. अण्णा दिवसभर खडी फोडायच्या कामावरची हजेरी बघत, संध्याकाळी ओट्यावर एकटेच बसत. सभा हळूहळू थांबल्या. तात्या वारले. दावीद गुरुजी निवृत्त होऊन नगरला लेकाकडे गेले. मी राहिलो होतो, पण मला आता तज्ज्ञ व्हायचं नव्हतं, आणि अण्णांनीही कधी तसं म्हटलं नाही.

त्र्याहत्तरच्या दिवाळीला कुसुमचं पत्र आलं की तिला पुन्हा दिवस गेलेत, सहावा लागलाय. दोन दिवसांनी अण्णा कोणाला न सांगता दौंडला गेले आणि एक डबा, एक ब्रश आणि एक बल्ब घेऊन आले. पुढचे चार दिवस कामावरून आले की ते न्हाणीघरात शिरत. आम्ही कोणी काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आतून ब्रशचा आवाज येई, मधूनच खोकल्याचा.

माझी बदली झाली ती माघात. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला मी आत गेलो, तर अण्णांनी मला हाताला धरून न्हाणीघरात नेलं आणि बटण दाबलं. भिंती फिकट आकाशी होत्या. कडा थोड्या वाकड्या गेल्या होत्या, एका कोपऱ्यात रंग ओघळून वाळला होता. आमच्या चौघांपैकी कोणाचाच तो रंग नव्हता.

"दार लावून आत बसलो हुतो," अण्णा म्हणाले. "कंदील घेऊन. पत्र आल्यावर दोन सांजा. मग ठरवला. कुनालाच इचारलं न्हाई."

"चांगला दिसतोय अण्णा," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. त्या कोंदट खोलीत तो रंग शांत वाटत होता. माझा पिवळा इथे डोळ्यांवर आला असता.

"कुसुमला आवडंल?"

कुसुमचं दुसरं पत्र आठवड्यापूर्वी आलं होतं आणि ते काकूंनी मलाच वाचायला दिलं होतं. बाळंतपण दौंडलाच करते, आईनं इकडे यावं, असं तिने लिहिलं होतं. अण्णांची खुशाली विचारली होती. बाकी त्यांच्यासाठी काही नव्हतं.

"कळलंय मला," अण्णा म्हणाले. "तिकडंच करनार हाय ती. ही चाललीय आज." त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. "तरी म्हनलं, रंग देऊन ठेवावा. आली कधी तर असू द्या."

बाहेरच्या खोलीत काकू पत्र्याच्या ट्रंकेत सुंठ, डिंक, बाळंतशेपांची पुडी आणि जुन्या लुगड्यांची दुपटी भरत होत्या. माझी आणि त्यांची एसटी एकच होती. झाकण लावून त्यांनी हाक मारली, "मास्तर, ट्रंकेला जरा हात लावता का?"

मी एका बाजूची कडी धरली. दुसऱ्या बाजूची धरायला अण्णा लगबगीने वाकले. काकूंनी त्यांचा हात अलगद बाजूला केला, कडी स्वतः धरली, आणि आम्ही दोघांनी ट्रंक उचलून ओट्याखाली उतरवली.